आपोआप होणारी दुरुस्ती व हातानें केलेले फेरफार

पहांटेचे सहा वाजून गेलेले असतात. घरांतील मंडळी अद्याप झोपेंत असतात, दूधवाल्याची हांक नुकतीच कानीं येत असते. आणि टेबलावर रात्रभर चालू राहिलेला संगणक कोणालाही न विचारतां आपल्या एका ठराविक कामाला लागतो. दूरच्या भांडारांत कालपासून नवें काय आलें आहे, याची यादी त्यानें अगोदरच मागवून ठेवलेली असते. त्या यादींतील आपल्याला लागू असलेल्या वस्तु तो उतरवून घेतो, जुन्या काढून नव्या बसवितो, केल्या कामाची नोंद आपल्या रोजनिशींत करतो आणि पुन्हां स्वस्थ बसतो. घरच्या माणसांना या उलाढालीचा पत्ताही नसतो, आणि बहुतेक दिवशीं तो असण्याचें कारणही नसतें. परंतु एखाद्या दिवशीं घरचा मालक लिहावयास बसतो आणि त्याच्या ध्यानांत येतें कीं, ज्या कळीवर कालपर्यंत 'ॲ' हें अक्षर उमटत होतें, त्या कळीवर आज भलतेंच कांहीं उमटत आहे.

झालेलें असें असतें. मराठींत इंग्रजी शब्द लिहितांना लागणारें 'ॲ' हें अक्षर युनिकोड या जागतिक अक्षरसंहितेंत स्वतंत्र अक्षर म्हणून सन २००८ मध्यें, तिच्या ५.१ या आवृत्तींत, दाखल झालें. ज्या गृहस्थाच्या संगणकावरील कळींच्या मांडणींत हें अक्षर सोयीच्या जागीं नव्हतें, त्यानें ती मांडणी ज्या फाइलींत लिहिलेली असते ती उघडली, एक ओळ बदलली, आणि आपली अडचण आपणच दूर केली. कित्येक महिने सर्व सुरळीत चाललें. पुढें अनेक भाषांच्या कळमांडण्या एकत्र असलेल्या त्या पॅकेजची सुधारलेली आवृत्ति निघाली. सर्व प्रकारच्या दुरुस्त्या आपोआप बसाव्या, अशी मुभा त्या गृहस्थानें संगणकाला दिलेलीच होती. त्यामुळें नवी फाइल जुन्या फाइलीच्या जागीं येऊन बसली, आणि हातानें बदललेली ती ओळ जुन्या फाइलीबरोबर नाहींशी झाली. यांत कोणाचा दुष्ट हेतु नव्हता व यंत्रांतही बिघाड नव्हता. दोन शहाण्या व्यवस्था एकमेकींना न सांगतां एकाच जागीं काम करीत होत्या, एवढेंच.

एका अक्षराची ही हानि लहान आहे. परंतु हाच प्रकार रुग्णालयाच्या, पेढीच्या किंवा वर्तमानपत्राच्या संगणकांत घडला, तर ती हानि लहान राहत नाहीं. यास्तव आपोआप होणारी दुरुस्ती कोणत्या फेरफाराला पुसून टाकते, कोणत्याला हात लावीत नाहीं, आणि कोणत्या फेरफारापुढें ती स्वतःच अडून बसते, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

लिनक्सच्या कुळांतील डेबियन ही कार्यप्रणाली इयन मर्डॉक यानें १९९३ सालीं सुरू केली, आणि तिच्यापासून निघालेली उबुंटू ही शाखा २००४ सालीं प्रथम प्रसिद्ध झाली. या दोन्हींत प्रोग्रॅम येतात ते पॅकेजच्या रूपानें. पॅकेज म्हणजे केवळ फाइलींचें गाठोडें नव्हे; त्या गाठोड्याबरोबर एक यादीही असते. आंत कोणत्या फाइली आहेत, या पॅकेजला दुसऱ्या कोणकोणत्या पॅकेजांची गरज आहे, आणि त्याचा आवृत्ति-क्रमांक कोणता, हें सारें तींत लिहिलेलें असतें. डीपीकेजी नांवाचा कारभारी या याद्या संभाळतो. आणि १९९९ पासून डेबियनमध्यें रुजू झालेला एपीटी हा दुसरा कारभारी भांडारांतून नवीं पॅकेजें शोधून आणण्याचें काम करतो. 'अनअटेंडेड अपग्रेड्स', म्हणजे जवळ कोणी बसलेलें नसतांना व्हावयाच्या सुधारणा, या नांवाचा तिसरा गडी त्या दोघांकडून रोजचें काम करून घेतो. त्याची वेळ सकाळीं सहाची ठरलेली असून तींत तासाभरापर्यंतचा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. कारण सारे संगणक एकाच क्षणीं भांडाराच्या दारांत उभे राहिले, तर भांडाराची धडगत उरणार नाहीं.

या सर्व कारभाराचें मूळ तत्त्व एकच आहे: यादींत जी फाइल ज्या पॅकेजच्या नांवावर चढली, ती त्या पॅकेजची मालमत्ता. भाड्याच्या घरांत बिऱ्हाडकरूनें भिंतीवर कितीही सुंदर चित्र काढलें, तरी भिंत घरमालकाची असते. आणि चुना देण्याचा दिवस उजाडला कीं चित्र जातें. कळमांडणीच्या त्या एका ओळीचें नेमकें हेंच झालें. प्रोग्रॅम व त्यांचें साहित्य ज्या 'यूएसआर' नांवाच्या फोल्डरांत असतें, तेथील पॅकेजच्या फाइलींविषयीं कारभारी मालकाला कांहींही विचारीत नाहीं. नवी आवृत्ति आली कीं जुनी फाइल गेली.

तथापि घरमालकानें एक खोली बिऱ्हाडकरूसाठीं राखून ठेवलेली आहे. 'ईटीसी' नांवाच्या फोल्डरांत, प्रोग्रॅमांनीं कसें वागावें हें सांगणाऱ्या फाइली असतात, आणि त्यांत बदल करण्याचा मालकाचा हक्क कारभारी मान्य करतो. पॅकेज बसवितांना तो अशा फाइलीचा एक ठसा घेऊन ठेवतो. नवी आवृत्ति येते तेव्हां तो तीन गोष्टी ताडून पाहतो: पूर्वी दिलेली फाइल, आज संगणकावर असलेली फाइल, आणि नव्या पॅकेजांतील फाइल. मालकानें कांहींच बदललें नसेल, तर नवी फाइल मुकाट्यानें बसते. मालकानें बदललें असेल, परंतु पॅकेज करणाऱ्यानें बदललें नसेल, तर मालकाची फाइल तशीच राहते. दोघांनींही बदललें असेल तर मात्र कारभारी थांबतो आणि कोणाचें ठेवावें असें विचारतो. कांहीं न लिहितां नुसती कळ दाबली, तर मालकाचेंच राहतें.

ही रीत न्यायाची आहे, यांत शंका नाहीं. प्रश्न एवढाच कीं, सकाळीं सहा वाजतां उत्तर द्यावयाला जवळ असतें कोण? त्या तिसऱ्या गड्यानें यावर काढलेली तोड सावधपणाची आहे. असा प्रश्न उद्भवणार असें दिसलें कीं तो त्या पॅकेजला हातच लावीत नाहीं. हें पॅकेज हातानें बसवावें, अशी नोंद रोजनिशींत करून तो पुढच्या कामाला जातो. मालकाचा फेरफार सुरक्षित राहतो. पण दुरुस्तीही होत नाहीं. ती दुरुस्ती जर बाहेरच्या चोराला आंत येऊं देणारें भगदाड बुजविणारी असेल, तर एका ओळीच्या फेरफारापायीं तें भगदाड महिनेन्‌महिने उघडें राहतें. आणि आपलें सर्व आपोआप होत आहे अशा समजुतींत मालक निर्धास्त असतो. रोजनिशी उघडून पाहणारे मालक थोडे. खरा धोका येथेंच आहे.

याहून अधिक जाणकार लोक निराळ्या वाटेनें जातात. डेबियनच्या मुख्य भांडारांतील पॅकेजांचा मूळ मजकूर खुला असल्यामुळें कोणालाही एखादें पॅकेज घेऊन, त्यांत हवा तो बदल करून, तें नव्यानें बांधतां येतें. असें पॅकेज यादींत रीतसर चढतें. परंतु त्याचें पुढचें भवितव्य त्याच्या क्रमांकावर अवलंबून असतें. एपीटीला पॅकेजचे गुणदोष कळत नाहींत. सामान्यतः मोठा क्रमांक तो नवा, एवढेंच त्याला कळतें. समजा, भांडारांतील पॅकेजचा क्रमांक '३.०-१' आहे, आणि मालकानें आपल्या बदललेल्या पॅकेजला '३.०-१लोकल१' असा क्रमांक दिला. तो मूळ क्रमांकाहून मोठा ठरतो, म्हणून मालकाचें पॅकेज टिकतें. पुढें '३.०-१+डेब१२यू१' या क्रमांकानें सुरक्षेची दुरुस्ती येते. या गणितांत अक्षरापेक्षां अधिकचें चिन्ह मोठें मानिलें आहे. म्हणून दुरुस्ती वरचढ ठरते, आपोआप बसते, आणि मालकाचा बदल पुसला जातो.

आतां त्याच मालकानें आपल्या क्रमांकांत एक अधिकचें चिन्ह घालून '३.०-१+लोकल१' असें लिहिलें असतें तर? मग तुलना त्या चिन्हापुढील रोमन अक्षरांची झाली असती. 'लोकल'चें आद्याक्षर एल, 'डेब'चें डी. वर्णक्रमांत एल मागाहून येतें, म्हणून या वेळीं मालकाचें पॅकेज वरचढ ठरलें असतें, आणि सुरक्षेची दुरुस्ती दारापर्यंत येऊन, एक शब्दही न बोलतां, परत गेली असती. म्हणजे एका चिन्हाच्या फरकानें एकदां मालकाचें काम बुडतें आणि एकदां त्याचें संरक्षण बुडतें. आणि दोन्ही वेळां त्याला कळत कांहींच नाहीं.

यांतून सुटण्यासाठीं कित्येक जण 'होल्ड' या आज्ञेचा आश्रय घेतात. ही आज्ञा दिलेलें पॅकेज जागच्या जागीं रोखलें जातें. हा उपाय प्रामाणिक आहे, पण विसराळू माणसाच्या हातीं तो वाईट. आज आठ दिवसांसाठीं म्हणून रोखलेलें पॅकेज दोन वर्षांनंतरही तसेंच रोखलेलें सांपडतें, आणि त्याच्यावर विसंबणारीं दुसरीं पॅकेजेंही त्याच्यामुळें खोळंबून राहतात.

आणखी एक मार्ग आहे. 'यूएसआर' फोल्डरांतच 'लोकल' नांवाचा एक कोपरा असून पॅकेजांनीं तेथें आपल्या फाइली ठेवूं नयेत असा डेबियनचा दंडक आहे. मालकानें स्वतः बांधलेला प्रोग्रॅम तेथें ठेवला तर कोणतीही दुरुस्ती तो पुसत नाहीं. पण त्याच्यासाठीं दुरुस्तीही कोणी आणून देत नाहीं. एप्रिल २०१४ मध्यें 'हार्टब्लीड' या नांवानें प्रसिद्धीस आलेला दोष ओपनएसएसएल या सार्वत्रिक वापरांतील पॅकेजमध्यें सांपडला, तेव्हां कार्यप्रणालीच्या भांडारांतून त्यावरील दुरुस्ती त्वरित आली. परंतु ज्या प्रोग्रॅमांच्या पोटांत त्या पॅकेजची स्वतंत्र प्रत बांधलेली होती, त्यांना तिचा उपयोग नव्हता. ते पुन्हां बांधावे लागले.

संगणकाचा गाभा जो कर्नल, त्याचीही अशीच गोष्ट. एखाद्या यंत्रभागासाठीं मालकानें हातानें बांधून बसविलेला जोडप्रोग्रॅम एका विशिष्ट कर्नलसाठींच बांधलेला असतो. नवा कर्नल आला, संगणक बंद करून पुन्हां चालू झाला, कीं तो जोड लागू पडत नाहीं, आणि सकाळीं बिनतारी जाळें नाहींसें झालेलें दिसतें. नवा कर्नल जुन्याच्या शेजारीं बसत असल्यामुळें आरंभीं जुना निवडून वेळ निभावून नेतां येते, ही त्यांतल्या त्यांत समाधानाची गोष्ट.

हें सर्व ऐकून कोणी म्हणेल कीं, असें जर आहे तर आपोआप होणारी दुरुस्ती बंदच करावी. असें म्हणणारानें २०१७ चा अनुभव आठवावा. विंडोज प्रणालींतील एका मोठ्या दोषावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें १४ मार्च रोजीं प्रसिद्ध केली होती. १२ मे रोजीं 'वॉनाक्राय' नांवाचा खंडणीखोर प्रोग्रॅम त्याच दोषांतून अनेक देशांतील संगणकांत शिरला, आणि इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेंतील रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. दुरुस्ती दोन महिने तयार होती. ती बसलेली नव्हती.

उलट, सारें यंत्रावर सोंपवून स्वस्थ बसावें असें म्हणणारानें १९ जुलै २०२४ हा दिवस आठवावा. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संरक्षक प्रोग्रॅमसाठीं आपोआप पोंचलेल्या एका सदोष फाइलीनें, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें, सुमारें ८५ लक्ष संगणक बंद पाडले. विमानें खोळंबलीं, पेढ्यांचे व रुग्णालयांचे व्यवहार अडले, आणि कित्येक ठिकाणीं प्रत्येक संगणकापाशीं माणूस पाठवून ती फाइल हातानें काढावी लागली. दुरुस्ती न करणें घातक, आणि परीक्षा न करतां एकाच वेळीं सर्वत्र करणें हेंही घातक.

फेरफार करणारा नेहमीं घरचा हौशी मनुष्यच असतो असेंही नाहीं. किंबहुना डेबियन हीच फेरफारांची एक मोठी पेढी आहे. जगभर लिहिले गेलेले प्रोग्रॅम ती घेते, आपल्या व्यवस्थेला जुळतील असे बदल त्यांत करते, व पॅकेज बांधून पुढें देते. वर सांगितलेलें ओपनएसएसएल गुप्त संदेशांच्या किल्ल्या तयार करण्याच्या कामीं येतें. एका तपासणी-साधनाच्या दोषसूचना बंद व्हाव्या म्हणून २००६ सालीं डेबियनच्या पॅकेजांत त्याच्या दोन ओळी गाळण्यांत आल्या. त्यांतील एकीवर किल्लीच्या अनिश्चिततेचा सारा भार होता. ती गेल्यावर, चालू प्रोग्रॅमला संगणक जो अनुक्रमांक देतो तेवढाच काय तो बदलता आंकडा उरला, आणि तो सामान्यतः ३२,७६८ च्या पुढें जात नसे. जेथें किल्ल्यांची मोजदाद अशक्य असावयाची, तेथें एका जातीच्या यंत्रावर एका लांबीच्या किल्ल्या बत्तीस हजारांच्या आसपासच उरल्या. चोरानें एकेक लावून पाहिली तरी चालावें!

लुसियानो बेलो याच्या हें ध्यानांत आलें, आणि १३ मे २००८ रोजीं डेबियननें तें जाहीर केलें. उबुंटूलाही तोच दोष वारशानें आलेला होता. सुधारलेलें पॅकेज घरोघर पोंचलें. परंतु मधल्या सुमारें वीस महिन्यांत ज्या दुबळ्या किल्ल्या तयार होऊन वापरांत गेल्या, त्या सर्व त्यानें कशा बदलाव्या? त्या लोकांना स्वतःच शोधून टाकाव्या लागल्या. फेरफार चांगल्या बुद्धीनेंच केलेला होता, त्याविषयीं मूळ प्रोग्रॅमकारांकडे विचारणाही झाली होती. पण तो मूळ प्रोग्रॅममध्यें दाखल न होतां आपल्या वेगळ्या वाटेनें एकटाच चालत राहिला, आणि म्हणून इतके दिवस कोणाच्या दृष्टीस पडला नाहीं.

यावरून फेरफार करूंच नयेत असें निष्पन्न होत नाहीं. ते कसे करावे हें निष्पन्न होतें. पहिली गोष्ट जागेची. 'ईटीसी'मध्यें नांवाच्या शेवटीं 'डी' अक्षर असलेले अनेक फोल्डर असतात. मूळ फाइल न बदलतां आपल्याला हवी तेवढीच ओळ वेगळ्या छोट्या फाइलींत लिहून तेथें ठेवली, तर प्रोग्रॅम दोन्ही फाइली वाचतो. पॅकेजची फाइल पॅकेजची राहते, मालकाची मालकाची. आणि सकाळीं सहा वाजतां भांडण उद्भवत नाहीं. 'यूएसआर'मधील फाइलीला हात लावणें भागच असेल, तर 'डायव्हर्ट' ही आज्ञा देऊन कारभाऱ्याला तसें कळवावें. मग पॅकेजची नवी फाइल दुसऱ्या नांवानें बाजूला पडते व मूळ जागा मालकाकडे राहते. मात्र नव्या फाइलींत काय सुधारलें, हें पाहण्याची जबाबदारी मग त्याच्यावर येते.

दुसरी गोष्ट टिपणाची. बदललेली फाइल जपून ठेवण्यापेक्षां बदल जपून ठेवावा: कोणती ओळ, कशाच्या जागीं, कोणत्या कारणासाठीं. असें टिपण हातीं असलें म्हणजे नव्या आवृत्तीवर तोच बदल पुन्हां करणें हें दहा मिनिटांचें काम होतें. नसलें म्हणजे एका ओळीसाठीं दिवस जातो. तिसरी गोष्ट दक्षतेची. त्या तिसऱ्या गड्याला आपला अहवाल पत्रानें पाठविण्यास सांगतां येतें. कोणतीं पॅकेजें अडलीं हें त्यांत दिसतें. जेथें संगणक पुष्कळ असतात तेथें दुरुस्ती प्रथम एकावर बसवून पाहावी व मग इतरांवर. रोखलेल्या पॅकेजांची यादी दरमहा एकदां वाचावी. वाण्याची वही पाहण्याइतकेंच तें सोपें आहे.

चौथी गोष्ट मात्र सर्वांत मोलाची. जो फेरफार एकाच्या नव्हे, तर अनेकांच्या उपयोगाचा आहे, तो घरांत न ठेवतां मूळ प्रोग्रॅम संभाळणाऱ्या मंडळींकडे धाडावा. त्यांनीं तपासून तो स्वीकारला, कीं तो फेरफार राहतच नाहीं. तो मूळ वस्तूचा भाग होतो, आणि यापुढें प्रत्येक दुरुस्ती त्याला पुसण्याऐवजीं बरोबर घेऊन येते.

'ॲ' हरवलेल्या त्या गृहस्थापुढें म्हणून दोन वाटा आहेत. अलीकडच्या वेलँड पद्धतीच्या संगणकांत वापरणाराच्या स्वतःच्या फोल्डरांत वेगळी कळमांडणी ठेवण्याची सोय आहे. ती त्यानें वापरली तर त्याचें अक्षर सुरक्षित राहील. तीच ओळ त्यानें कारणासह मूळ मंडळींकडे पाठविली आणि ती मान्य झाली, तर पुढें एखाद्या सकाळीं, घरोघर लोक झोपेंत असतांना, ज्यांनीं त्याचें नांवही ऐकलेलें नाहीं अशा किती तरी मराठी माणसांच्या टेबलांवर तें अक्षर आपोआप येऊन बसेल.